लहरी कोणाच्या? फोन आणि प्रसारणातल्या स्पर्धेची गोष्ट

(पडद्यावर: पिवळा एसटीडी-पीसीओ फलक, काचेची केबिन, लाल आकड्यांचं मीटर)

हे मीटर आठवतंय? पल्स पडला की लाल आकडा पुढे सरकायचा, आणि बोलणाऱ्याची नजर त्या आकड्यावरून हलायची नाही. रात्री दर उतरायचे, म्हणून लोक जेवणं उरकून बूथवर रांग लावायचे.

घरात फोन का नव्हता, याचं मूळ 1885 सालच्या भारतीय तार कायद्यात आहे. तारयंत्रणा चालवण्याचा हक्क त्या कायद्याने फक्त सरकारकडे ठेवला. इंग्रज गेले, हक्क तसाच राहिला. टेलिफोन, रेडिओ आणि पुढे टीव्ही, सगळं त्याच छत्राखाली गेलं. 1986 मध्ये मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल ही वेगळी कंपनी निघाली, पण मालक तोच होता. अर्ज करायचा, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. जास्त पैसे भरले तर नंबर लवकर लागायचा. खासदाराच्या कोट्यातून मिळाला, तर नशीबच. 1994 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात सरकारनेच लिहून ठेवलं: शंभर माणसांमागे फोन 0.8.

या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं, पण किलकिलं. मोबाइलसाठी देशाचे विभाग पाडले. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, मुंबई वेगळं. प्रत्येक ठिकाणी कंपन्या दोनच.

31 जुलै 1995. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत मोजावे लागत, आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. म्हणून खिशात मोबाइल असलेला माणूस नंबर बघायचा, कॉल कट करायचा आणि जवळच्या बूथवरून उलटा फोन लावायचा. दोन कंपन्या होत्या, पण ग्राहकासाठी त्यांच्यात चुरस अशी नव्हतीच.

कारण उघड होतं. परवान्यांसाठी कंपन्यांनी अवाच्या सव्वा बोली लावल्या होत्या. ग्राहक मिळोत न मिळोत, ठरलेली फी भरायचीच. ती वसूल करायची म्हणून दर चढे, दर चढे म्हणून ग्राहक कमी, आणि शेवटी फीच थकली.

त्याहून मोठं दुखणं वेगळं होतं. दूरसंचार खातं स्वतः फोनचा धंदा करायचं आणि प्रतिस्पर्ध्याला परवानाही तेच द्यायचं. नव्या कंपनीचा कॉल जुन्या एक्स्चेंजमध्ये कोणत्या अटींवर घ्यायचा, यातही शब्द त्याचाच. खेळाडूच पंच असल्यावर सामना कसला?

1997 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झालं. पण एमटीएनएलने मोबाइलमध्ये उतरायचं ठरवलं तेव्हा हा पंच किती दुबळा आहे ते दिसलं. ट्रायने हरकत घेतली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि 1998 मध्ये निकाल आला की परवाना देताना सरकारला ट्रायची शिफारस घ्यावीच लागेल, असं कायद्यात नाही. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला हाच कळीचा क्षण. पंचाच्या हाती शिट्टी दिली होती, पण ती ऐकण्याची सक्ती कोणावरच नव्हती.

मग 1999 चं नवं धोरण आलं. ठरावीक फी गेली, तिच्या जागी उत्पन्नातला वाटा आला. 2000 मध्ये कायदा बदलला. नव्या परवान्याआधी ट्रायची शिफारस मागवणं बंधनकारक झालं, आणि तंटे सोडवायला टीडीसॅट हे स्वतंत्र न्यायाधिकरण मिळालं. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला खात्याचा फोनचा धंदा बाजूला काढून बीएसएनएल जन्माला आली. सर्कलमध्ये तिसरी, मग चौथी कंपनी उतरली. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि कॉल कट करायची सवय मोडली.

(पडद्यावर: कंपनी बदलण्यासाठी मोबाइलवरून 1900 या क्रमांकाला जाणारा मेसेज)

20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. ग्राहकाच्या हाती आलेलं एवढं धारदार हत्यार दुसरं नाही. आज मात्र मोबाइलच्या खासगी कंपन्या तीनच उरल्या आहेत, त्यामुळे पोर्ट करून जायचं तरी कुठे, हा प्रश्न पुन्हा उभा आहे.

आता प्रसारणाकडे वळू. 1993. हिरो कप क्रिकेट स्पर्धा. बंगाल क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले आणि दूरदर्शनशी खटका उडाला. वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. 9 फेब्रुवारी 1995 ला निकाल लागला. तो देणाऱ्यांत मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. प्रक्षेपण वाहून नेणाऱ्या हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि खासगी धनिकांचीही नको. त्यांचं नियमन स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाने करावं. इतका स्वच्छ निकाल.

त्यासाठी 1997 मध्ये संसदेत प्रसारण विधेयक आलं, पण लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. 2004 पासून केबल आणि वाहिन्यांचे दर ट्राय बघू लागलं, परवानगी मात्र माहिती व प्रसारण मंत्रालयाच्याच हातात राहिली. फोनला उशिरा का होईना पंच मिळाला, प्रसारणाला तो अर्धाच मिळाला.

रेडिओत हे सर्वांत जास्त खुपतं. खासगी एफएम 2001 मध्ये सुरू झालं ते पुन्हा वाढत्या ठरावीक फीवर, म्हणजे मोबाइलमध्ये फसलेलाच हिशेब. अनेकांनी परवाने घेतलेच नाहीत. 2005 मध्ये तिथेही उत्पन्नातला वाटा आला, मग केंद्रं शहरोशहरी पसरली. स्वतःच्या बातम्यांचं दार मात्र आजही बंद आहे.

(पडद्यावर: पुराच्या पाण्यातलं कोल्हापूर)

पंचगंगेला पूर आला की इथला खासगी एफएमचा निवेदक वाहतूक सांगू शकतो, हवामान सांगू शकतो, प्रशासनाने दिलेला इशाराही वाचू शकतो. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचीही मुभा आहे. पण धरणातून पाणी कधी आणि कोणाच्या निर्णयाने सोडलं, हे आपला बातमीदार पाठवून शोधणं आणि स्वतःच्या बातमीपत्रात सांगणं, याला परवानगी नाही. वर्तमानपत्राला आहे, टीव्ही वाहिनीला आहे, फक्त खासगी रेडिओला नाही. ती द्यायला नवा लिलाव लागत नाही, नवं तंत्रज्ञान लागत नाही. परवान्यातली एक अट बदलावी लागते.