सुजलेले डोळे आणि द्राक्षांचा घोळ

मंडळी, मागं आवाज येतोय ना? बरं. विषय फळ्यावर लिहिलाय 'ब्लड कॅन्सरच्या गोळ्यांचे साईड इफेक्ट', पण मी डॉक्टर नाही, चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिलेला माणूस, सीएमएल नावाचा ब्लड कॅन्सर आहे आणि रोज 400 मिलिग्रॅम इमॅटिनिब खातोय, एवढीच आपली डिग्री. 9 आणि 22 नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातनं एक चुकीचं प्रोटीन बनतं आणि ते पांढऱ्या पेशी वाढवायचं बटण दाबूनच धरतं. 2001 साली अमेरिकेत मंजूर झालेली ही गोळी ते बटण सोडवते, पण जाता जाता शेजारच्या एक-दोन बटणांनाही हात लावते, तिथनं आमची गंमत सुरू.

पहिली गंमत डोळे. सकाळी उठलो की डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या, आरशात बघून मीच दचकायचो. सिद्धेश्वर तलावाकडं फिरायला जायचो तर तिथले एक अण्णा रोज गालात हसायचे, आठवड्यानं जवळ येऊन म्हणाले, "काय सर, रात्री बसताय वाटतं?" आजाराचं मी घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, ही माझीच चूक, म्हणून नुसता हसलो, आणि हसलो म्हणजे कबूल केलं असं झालं. चार दिवसात बातमी अक्कलकोटला पोचली. मेव्हणा एसटीनं आला, येताना स्वामींचा अंगारा आणि दारू सोडवायच्या औषधाचा कागद घेऊन! हिनं फाईल काढून पुढं टाकली तेव्हा तो इतका रडला की त्याचेही डोळे माझ्यासारखे झाले. नंतर डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, या गोळीनं असं होतंच, मीठ कमी करा, उशी उंच घ्या, पण वजन भराभर वाढलं किंवा दम लागला तर त्याच दिवशी या. मीठ कमी म्हणजे शेंगाचटणी कमी, आता सोलापुरात राहून कडक भाकरी कशाबरोबर मोडायची हे डॉक्टरांनी सांगितलं नाही.

दुसरा घोळ द्राक्षांचा. कागदावर लिहिलेलं, ग्रेपफ्रूट खाऊ नये. हिनं वाचलं ग्रेप, झालं, अख्खा सीझन घरात द्राक्ष नाही, आणि आमचे पाहुणे पंढरपूरकडचे बागायतदार, ते बिचारे पेट्या पाठवायचे आणि त्या शेजारी जायच्या. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसाच्या जातीतलं आंबट-कडू फळ हो, त्यानं आतड्यात गोळी मोडायचं काम मंदावतं आणि रक्तात औषध जास्त साठतं. द्राक्षाचा काही संबंध नाही. चौदा पेट्या गेल्या माझ्या, अजून विसरलो नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अरे बापरे, मुख्य तर राहिलंच. तर मळमळ, गोळी भरल्या पोटी आणि मोठा ग्लासभर पाणी, उपाशीपोटी घेतलीत तर उलटी ठरलेली. पण याच आजाराच्या दुसऱ्या गोळ्या असतात, त्यातल्या नायलोटिनिबवाल्यांचं उलटं, त्यांची उपाशीपोटीच, शेजारच्याचं बघून करू नका. डॅसाटिनिबवाल्यांनी धाप लागली तर अंगावर काढू नका, छातीत पाणी झालेलं असू शकतं, आणि ॲसिडिटीची गोळी विचारल्याशिवाय नको. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, डॉक्टर रक्त तपासून बघतात काय कमी आहे ते. आणि मी जे केलं ते करू नका, पोटऱ्यांतल्या त्या गोळ्यांना कंटाळून गड्ड्याच्या जत्रेत कुणाला न सांगता औषध बंद केलं, मस्त वाटलं, झोप लागली, भजी खाल्ली, आणि पुढच्या पीसीआरला, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते मोजायच्या तपासणीला, आकडा वर. डोस कमी करायचा, बदलायचा, थोडे दिवस थांबवायचा, सगळं होतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. मी आता पाकिटाच्या मागं तारीख टाकतो आणि त्रास झाला तर तिथंच एक शब्द, 'गोळा', 'उलटी', 'डोळे', तोच कागद डॉक्टरांपुढं ठेवतो.

काय म्हणताय काका? हो, उजळलोय खरा, तेही त्या शेजारच्या बटणामुळंच, कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशींनाही तेच लागतं. नाही हो, गोरं व्हायला सुनेसाठी ही गोळी नाही मिळणार, आणि वर एप्रिलच्या उन्हात टोपीशिवाय बाहेर पडता येत नाही.