सात घरं, एक चौक आणि एक मोबाईल

(पहाट. हातातला मोबाईल, फ्रेम थोडी हलतेय.)

सकाळचे सहा. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये जागा आहे तो फक्त दूधवाला, आणि ही आपली मैत्रीण. नोकरी वाशीला, पण त्याआधी रोज एक गोष्ट इन्स्टावर टाकते, कधी खाणं, कधी गाणं, कधी नुसती खिडकी. एकच, दहा नाही. तीन दिवस आम्ही तिच्या मागे फिरलो.

आधी हा चौक बघा. साधारण आठ मीटर बाय आठ मीटर आणि भोवती सात घरं, असे तीन चौक मिळून एकवीस घरांचं एक मोठं अंगण. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी हे १९८०च्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी आखलं, आणि गंमत अशी की कुठल्याही दोन घरांची भिंत एक नाही, म्हणजे पैसे जमले की ज्याने त्याने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याची भिंत मध्ये येत नाही. सगळ्यात लहान प्लॉट ४५ चौरस मीटरचा आणि मोठा ७५, म्हणजे पगारात फरक असला तरी अंगण एकच. हे डिझाईन पुस्तकात वाचून कळत नाही हो, इथे सकाळी उभं राहायला लागतं. ती चौकाचे फोटो जमिनीवर बसून काढते. वरून दिसतोय तो शॉट आमच्या ड्रोनचा, तिला तो आवडला नाही.

(चूल, जवळून.)

हे दिवाळे गाव, खाडीकाठचं. इथल्या एका आजीकडे ती तांदळाची भाकरी शिकतेय. पाण्याला आधण येऊ द्यायचं, चिमूटभर मीठ, मग पीठ, आणि झाकण. हात पोळत असताना परातीत मळायचं, गार झालं की संपलं. पाण्याच्या हाताने थापत थापत कड पातळ करायची, तव्यावर टाकली की वरून ओला हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची, नाहीतर भेगा पडतात. बघा, फुगली! सोबत सुकट. मोबाईल अजून चालूच, आणि आजी म्हणते, "त्यान काय बगाचा हाय गो?"

भाकऱ्या झाल्यावर आजीने धवला म्हटला. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण जी गाणी म्हणते ती. कॅमेऱ्यासमोर नको म्हणाली, म्हणून आवाज आजीचा आणि चित्र चुलीचं. आम्हाला तरी हेच जास्त आवडलं.

प्रवास म्हणाल तर बेलापूर ते वाशी, हार्बर लोकल. सीवूड्स, नेरुळ, जुईनगर, सानपाडा. खिडकी मिळाली तर फोटो.

चौकाचा एक रील मध्यंतरी जोरात चालला, मग रविवारी ट्रायपॉडवाले यायला लागले, एका दारावर 'फोटो काढू नये' अशी पाटी लागली आणि तिने लोकेशन टाकणं बंद केलं. अनेक जुनी घरं पाडून त्या जागी स्लॅबचे मजलेही चढलेत. ते आम्ही शूट केलं नाही.

(चौक, ऊन चढलंय.)

आज तिने काय टाकलंय? एका उरलेल्या जुन्या घराचं लोखंडी ग्रील, आणि जमिनीवर पडलेली त्याची सावली, तिच्यात झोपलेलं मांजर. कॅप्शन नाही. मोबाईल पर्समध्ये, चप्पल पायात, आठ बारा गाठायचीय.