कॉलेज १९२४ला आलं, विद्यापीठ १९८९ला

नमस्कार मंडळी! आज नाशिकच्या कॉलेज रोडवरून बोलतेय. कपड्यांची दुकानं, कॅफे, क्लासेसच्या पाट्या तुम्हाला दिसतायत, पण आपण बोलणार आहोत ते एचपीटी कॉलेजबद्दल. गोखले एज्युकेशन सोसायटीनं ते १९२४ साली सुरू केलं.

विष्णु वामन शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, याच कॉलेजचे विद्यार्थी. १९३०च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढं काही वर्षं चालला. त्या सत्याग्रहात तरुण शिरवाडकर उतरले. ज्ञानपीठ फार नंतरचं. या कॉलेजबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी हीच सांगेन. नाटककार वसंत कानेटकरही इथंच इंग्रजी शिकवायचे.

पण पदवीवर शिक्का कुणाचा? आधी मुंबईचा, मग १९४९ला पुणे विद्यापीठ झालं तेव्हापासून पुण्याचा. नाशिकला स्वतःचं विद्यापीठ मिळालं थेट १ जुलै १९८९ला. आणि तेही कसं? ज्यांना कॉलेजची पायरी चढताच आली नाही, त्यांच्यासाठी!

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले, जे आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. गंगापूर धरणाजवळच्या आवाराचं नाव 'ज्ञानगंगोत्री' आणि ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. गोदाकाठच्या गावाला शोभणारंच आहे ना?

बारावी झाली नसेल तर पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करा आणि बीएला या, अशी सोय इथं होती. लग्न झालं म्हणून शिक्षण सुटलेल्या बायका, शिफ्टमधले कामगार, पोलीस, शेतकरी, सगळ्यांसाठी. पुस्तकंही वेगळी. एक घटक वाचला की मध्येच प्रश्न यायचे, उत्तरं त्याच घटकाच्या शेवटी. शिकवणारे सर समोर नाहीत, हे धरूनच ती लिहिलेली. अभ्यासकेंद्रं बहुतेक नेहमीच्या कॉलेजांतच, तास सुट्टीच्या दिवशी. म्हणजे आठवडाभर ज्या बाकावर अठरा वर्षांची मुलं बसायची, तिथंच रविवारी त्यांच्या आईच्या वयाची बाई वही उघडून बसायची. मला या विद्यापीठाचा अभिमान वाटतो तो यासाठी.

१९९८ला आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशिकलाच आलं. राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत, त्याच्यावर वेगळा व्हिडिओ करू.

तुमच्या घरात कुणी 'मुक्त'मधून पदवी घेतलीय का? कितव्या वर्षी घेतली आणि अभ्यास कधी करायचे, ते त्यांना विचारा आणि खाली नक्की लिहा.