तुळशीच्या कुळातली साल्विया

नमस्कार, श्रोतेहो. पोळा झाला, पाऊस ओसरतीला लागलाय. हिवाळी फुलांचं बी टाकायचं ते याच दिवसांत. आज मी फक्त साल्वियाबद्दल बोलणार आहे. हौसेनं आणलेली ही रोपं आपल्या नागपुरात महिन्याभरात माना टाकतात, आणि ते पाहून फार हळहळ वाटते.

साल्वियाचं खोड दोन बोटांत धरून फिरवून पाहा. चौकोनी लागेल. आता अंगणातल्या तुळशीची कोवळी फांदी धरा. तीही चौकोनी. पानंही दोघींची समोरासमोर, जोडीजोडीनं. लाल साल्विया मूळची ब्राझीलची, निळी टेक्सास-मेक्सिकोकडची, पण कूळ तुळशीचंच. ज्या घरी तुळस जगते, तिथं साल्विया जमायलाच हवी.

तुळस आपण उंच वृंदावनात लावतो, मुळाशी पाणी साचत नाही. साल्वियाचंही तसंच. आपली काळी माती ओली झाली की फुगते, पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही. एका जानेवारीत अवकाळी पाऊस आला आणि वाफ्यात थेट काळ्या मातीत लावलेली माझी २० रोपं चार दिवसांत पिवळी पडली. एक उपटलं, तर मुळाची साल ओल्या दोऱ्यासारखी बोटांत सुटून आली. तेव्हापासून मी गादीवाफा वीतभर उंच करतो. दोन घमेली माती, एक घमेलं कन्हान नदीची रेती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत. मातीत बोट घालायचं. वरचं पेरभर कोरडं लागलं तरच पाणी.

लाल साल्वियाच्या बियाला उगवायला उजेड लागतो, म्हणून ते पुरू नका. ओल्या मातीवर पसरून तळहातानं हलकं दाबा, झारीऐवजी फवाऱ्यानं पाणी द्या. दहा-पंधरा दिवसांत उगवतं. दसरा-दिवाळीच्या दरम्यान रोपं वाफ्यात हलवा, दोन रोपांत २५ ते ३० सेंटिमीटर ठेवून.

मग पानांच्या चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा. इथं बऱ्याच जणांचा हात थबकतो. पण माझी आई तुळशीच्या मंजिऱ्या वरचेवर खुडायची, म्हणून आमची तुळस डेरेदार असे. साल्वियाही तशीच फुटते. पुढे वाळलेले तुरे काढत राहिलात तर नवे येत राहतात.

आणि तुरा जवळून बघा. लाल साल्वियाची नळीसारखी पाकळी दोन दिवसांत गळते, तरी तुरा लालच राहतो. तो रंग खालच्या पेल्याचा, निदलपुंजाचा. या लालीवर सकाळी शिंजीर पक्षी येतात. निळीच्या पेल्यावर पिठासारखी पांढरी लव असते, म्हणून तिचं शास्त्रीय नाव फॅरिनेशिया, म्हणजे पिठाळ. तिच्यावर मधमाश्या जास्त.

जागा एकाच वाफ्याची असेल, तर मी निळीच लावा म्हणेन. होळीनंतरचं ऊन लालला सोसत नाही, ती काढून टाकावी. निळी बहुवर्षायू आहे. तिला वीतभर ठेवून छाटा आणि कुंडीत असेल तर कुंडी पूर्वेच्या भिंतीशी हलवा, जिथं सकाळचंच ऊन येतं. माझ्याकडच्या एका कुंडीनं असे दोन उन्हाळे काढलेत, आणि काल तिच्या जुन्या खोडाला बुडाशी पाच नवे फुटवे दिसले.

नमस्कार.