हंगामी आणि कायम : डॅक प्रेस्कॉटच्या सहा कोटी डॉलरांविषयी

नमस्कार. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत राहून डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाविषयी बोलायला उभे राहणे म्हणजे पंढरपुरात वारीविषयी बोलण्यासारखे आहे. समोर बसलेल्या प्रत्येकाला विषय माझ्याइतकाच ठाऊक आहे, त्यामुळे खेळाचे नियम सांगण्यात मी वेळ घालवणार नाही. निळ्या जर्सी पुष्कळ दिसतात, आणि शेवटच्या रांगेत ग्रीन बे या प्रतिस्पर्धी संघाची एक हिरवीही दिसते; जानेवारी २०२४ च्या त्या ४८-३२ च्या पराभवानंतरही त्या गृहस्थांना दारात कुणी अडवले नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

८ सप्टेंबर २०२४ रोजी, क्लीव्हलंडमधला हंगामाचा पहिला सामना सुरू होण्यापूर्वी काही तास, काउबॉइजचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, डॅक प्रेस्कॉट याने चार वर्षांसाठी २४ कोटी डॉलरांचा करार केला. वर्षाला सहा कोटींचा आकडा गाठणारा तो लीगमधला पहिला खेळाडू ठरला, आणि त्यातली २३.१ कोटींची हमी हाही त्या दिवशीचा उच्चांक होता. या उच्चांकाला तो पात्र आहे का, हा आजचा प्रश्न आहे. तो पात्र आहे असे माझे मत आहे. मात्र त्या मतापर्यंत मी कसा आलो हे सांगण्यासाठी मला चार वर्षे मागे जावे लागेल.

११ ऑक्टोबर २०२० चा रविवार आठवा. आर्लिंग्टनच्या मैदानात न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा सामना चालू होता. माझे वडील त्या वर्षी फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी इकडे आले होते आणि साथीमुळे परतीचा प्रवास लांबत गेल्याने आमच्याकडेच राहिले होते. तिसऱ्या सत्रात प्रेस्कॉट स्वतः चेंडू घेऊन धावला, पकडला गेला, आणि उठून बसला तेव्हा त्याचा उजवा पाय घोट्यापासून भलत्याच दिशेला वळलेला होता. गाडीवर बसवून त्याला बाहेर नेत असताना तो रडत होता, आणि तशातही त्याने मूठ उंचावली. आमच्या खोलीत कुणी बोलत नव्हते. वडिलांना या खेळातले काही कळत नव्हते, पण त्यांनी मला विचारले, "अरे, हा मुलगा कायम आहे की हंगामी?"

हा प्रश्न त्यांना का सुचला, हे आपल्यापैकी साखरपट्ट्यातून आलेल्यांना लगेच कळेल. वडील सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात पॅन हाऊसला, म्हणजे रस आटवून साखर करतात त्या विभागात होते. बॉयलर पेटला की कामावर जायचे, पट्टा पडला, म्हणजे गळीत संपले, की घरी यायचे, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत मिळाला तर रिटेन्शन भत्ता (बंद काळासाठीची रक्कम), नाहीतर दुसऱ्याच्या शेतावर मजुरी, अशी त्यांची अकरा वर्षे हंगामी म्हणून गेली. सहाव्या हंगामात वाफेने त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मलमपट्टी झाली, पंधरा दिवसांचा पगारही मिळाला. पण पुढच्या हंगामात कामगारांची यादी लागली तेव्हा तिच्यात त्यांचे नाव नव्हते. कुणी त्यांना कामावरून काढले नव्हते, केवळ बोलावले नव्हते. हात पूर्ण बरा झाला आहे हे पटवण्यात दोन हंगाम गेले, आणि त्या दोन वर्षांत आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. कायम झाल्यावर पगार फारसा वाढला नव्हता, पण आजारी पडण्याचा हक्क मिळाला होता, असे वडील आजही सांगतात.

मी त्यांना उत्तर दिले की हा हंगामी आहे. ते खरेच होते. प्रेस्कॉट त्या वर्षी फ्रँचायझी टॅगवर, म्हणजे ३.१४ कोटी डॉलरांच्या एका वर्षाच्या बोलीवर खेळत होता. ही रक्कम प्रचंड आहे आणि माझ्या वडिलांच्या मजुरीशी तिची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. परंतु टॅगची रचना तीच आहे : मालक यंदापुरता बांधून घेतो, खेळाडूला दुसरीकडे जाता येत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच्या शरीराचे काय होईल याची जोखीम खेळाडूवरच राहते.

त्याआधीची चार वर्षेही पाहा. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, चौथ्या फेरीत १३५ व्या क्रमांकावर त्याची निवड झाली आणि चार वर्षांचा करार झाला तो सुमारे २७ लाख डॉलरांचा. तेव्हाचा क्वार्टरबॅक टोनी रोमो याच्या पाठीला दुखापत झाली म्हणून हा मुलगा पहिल्याच वर्षी उभा राहिला आणि संघाने १३ सामने जिंकले. २०१९ मध्ये त्याने फेकलेल्या चेंडूंतून ४,९०२ यार्ड मिळवले, रोमोच्या संघविक्रमाला एकच यार्ड कमी, तेही त्याच पहिल्या करारावर. पहिली तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत ड्राफ्टमधल्या खेळाडूला करार बदलून मागताच येत नाही, असा लीगचा नियम आहे. त्या काळात त्याने जे कमावून दिले ते कुणाकडे राहिले, हे मालक जेरी जोन्स यांच्या संघाच्या किमतीवरून कळते : १९८९ मध्ये सुमारे १४ कोटी डॉलरांना घेतलेल्या या संघाची किंमत २०२४ मध्ये फोर्ब्सने १,०१० कोटी धरली. मार्च २०२१ मध्ये, पाय अजून पूर्ण बरा झालेला नसताना, त्याला १६ कोटींचा करार आणि १२.६ कोटींची हमी मिळाली, तेव्हा मी गावी फोन केला. वडिलांनी एकूण आकडा ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, "झाला म्हणायचा कायम?"

संयोजकांनी पाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी पाठवली आहे, त्यामुळे जे सविस्तर मांडायचे ठरवले होते ते थोडक्यात सांगतो.

पहिला आक्षेप असा की बाद फेरीत प्रेस्कॉटने दोनच सामने जिंकले आणि पाच गमावले, मग सर्वाधिक पैसे त्याला का? परंतु उच्चांकी करार सर्वोत्तम खेळाडूला मिळतो असे कधीच नव्हते. ज्याचा करार संपत आला आहे त्याची पाळी लागते. त्याच्याआधी बरो, लॉरेन्स आणि लव्ह या इतर संघांच्या क्वार्टरबॅकांनी वर्षाला साडेपाच कोटींचा उच्चांक वाटून घेतला होता, तर कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्स याच्या २०२० च्या दहा वर्षांच्या करारात सरासरी साडेचार कोटींचीच होती. शिवाय असा खेळाडू नसण्याची किंमत डॅलसला माहीत आहे. रोमोच्या आधीचा नामांकित क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन निवृत्त झाल्यापासून २००६ मध्ये रोमो उभा राहीपर्यंत या संघाने आठ क्वार्टरबॅक आजमावले आणि त्या काळात बाद फेरी एकदाच पाहिली.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. २०२४ मध्ये प्रत्येक संघाची पगारमर्यादा २५.५४ कोटी होती. साइनिंग बोनस, म्हणजे सही करताना मिळणारी रक्कम, पुढच्या वर्षांवर पसरवून हिशेब लांबवता येतो, चुकवता येत नाही. म्हणजे क्वार्टरबॅकला मिळणारा वाढीव डॉलर मालकाच्या खिशातून न येता उरलेल्या ५२ जणांच्या वाट्यातून येतो. मी या करारातल्या मोठ्या भागाला थकबाकी मानतो, आणि ती सहकाऱ्यांनी फेडावी लागते हे मला सलते.

तिसरे, करारानंतर आठच सामने खेळून त्याच्या मांडीमागचा स्नायू फाटला आणि संघ सात विजय आणि दहा पराभवांवर संपला. पैसे वाया गेले असे तेव्हा अनेकांनी म्हटले. मला त्यात हमीचा अर्थच दिसला, कारण हमी दुखापतीच्या दिवसासाठीच असते.

म्हणून माझे म्हणणे असे की प्रेस्कॉटला सहा कोटी द्यावेत, आणि तक्रार करायची तर ती पहिल्या करारांविषयी करावी. खेळाडू संघटना आणि मालक यांच्यातला सध्याचा करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. पुढच्या वाटाघाटीत दुसऱ्या वर्षानंतरच पगार बदलून मागण्याची मुभा मिळावी, आणि त्या वाढीचा काही भाग पगारमर्यादेबाहेर, मालकांच्या उत्पन्नातून यावा. तो भाग किती असावा याचे गणित मी कागदावर मांडून आणले आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहायचे असेल त्यांनी माझ्याकडे यावे, हिरव्या जर्सीतल्या गृहस्थांनीसुद्धा.