मास्टर्स गोल्फ बघायला गेले आणि एकही फोटो नाही: का, ते सांगते

"ताई, फोटो कुठे आहेत?"

मागच्या व्हिडिओत मी सहज बोलून गेले की कंपनीच्या कामासाठी अटलांटाला गेले होते, तेव्हा एक दिवस ऑगस्टाला मास्टर्स स्पर्धा बघून आले. त्या एका वाक्यावर इतक्या कॉमेंट आल्या की आजचा अख्खा व्हिडिओ त्यावरच करते आहे. निम्म्या लोकांनी विचारलंय, तिकीट कसं मिळालं. आणि उरलेल्या निम्म्यांनी विचारलंय, फोटो कुठे आहेत, व्हिडिओ कुठे आहे, खरंच गेला होतात का.

फोटो नाहीत. एकही नाही. माझ्याकडे आहे ती ही पुस्तिका, हा त्या दिवशी कोण कुणाबरोबर खेळणार त्याचा कागद आणि ही टोपी. पुस्तिका आणि कागद आत गेल्यावर फुकट मिळतात. फोटो का नाहीत, हाच आजचा मुख्य मुद्दा आहे, पण आधी बाकीचं भराभर उरकते.

गोल्फ म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. अठरा होल, प्रत्येकाच्या शेवटच्या खड्ड्यात चेंडू घालायला ठरलेले फटके, त्याला पार म्हणतात. एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त लागले तर डबल बोगी. एवढं पुरतं. मलाही एवढंच येत होतं. नाशिककराला "गोल्फ क्लब" म्हटलं की हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आठवतं. तिथे आपण सकाळी फिरायला जातो, रणजीचा सामना असला की जाऊन बसतो. मी गोल्फ पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं ते 7 ऑगस्ट 2021ला, टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक शेवटची फेरी खेळत होती तेव्हा. पहाटे उठून बाबा आणि मी टीव्हीसमोर. एका फटक्यानं तिचं कांस्य हुकलं, चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि सगळा देश तिकडे वळला, ते साहजिकच होतं. पण माझ्या मनात ती सकाळ राहिली ती राहिलीच.

आता तिकीट. मास्टर्स दर वर्षी एप्रिलमध्ये, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ऑगस्टा नॅशनल या खासगी क्लबच्या मैदानावर होते. पहिली स्पर्धा 1934ची. सोमवार ते बुधवार सराव आणि गुरुवार ते रविवार स्पर्धा. सामान्य माणसाला तिकीट मिळायचा सरळ रस्ता एकच: स्पर्धेच्या अधिकृत वेबसाइटवर आदल्या वर्षी जूनच्या सुमारास सोडतीसाठी अर्ज करायचा आणि नशिबाची वाट बघायची. दुसऱ्याकडून, मधल्या दलालाकडून मोठी रक्कम मोजून तिकीट घेऊ नका. क्लब असं तिकीट मानत नाही. पैसे जातात आणि फाटकावरून परत यावं लागतं.

मी सोडतीनं गेले नव्हते. आमच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीचे सुटे भाग ज्यांच्याकडे जातात, त्या अटलांटाच्या कंपनीतल्या आमच्या यजमानांच्या घरी वर्षानुवर्षांचे बॅज, म्हणजे दर वर्षीचे प्रवेशाचे पास, आहेत. सोमवार ते बुधवार आमचं काम झालं आणि बुधवारी संध्याकाळी ते म्हणाले, "उद्या चला." नोकरीवरून जाणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट महत्त्वाची. ग्राहकाकडून अशी भेट घेण्याआधी आपल्या साहेबांना आणि एचआरला ईमेल करा आणि त्यांची परवानगी लेखी घ्या. तोंडी "हो, जा की" चालत नाही. मी बुधवारी रात्री मेल टाकला. इथे तेव्हा सकाळ होती, त्यामुळे उत्तर लगेच आलं.

अटलांटाहून ऑगस्टा गाडीनं दोन-अडीच तास. पार्किंग फुकट. आणि आता पार्किंगपासूनच मुख्य मुद्दा सुरू होतो.

फोन गाडीत ठेवायचा. बंद करून खिशात नाही, सायलेंटवर पर्समध्ये नाही. गाडीत.

ऑगस्टा नॅशनलमध्ये प्रेक्षकाला मोबाइल न्यायला बंदी आहे. टॅबलेट, लॅपटॉप, रेकॉर्डिंग करणारं काहीही नाही. कॅमेरा फक्त सरावाच्या तीन दिवशी चालतो, स्पर्धेच्या दिवशी तोही नाही. मी गेले गुरुवारी, 10 एप्रिल 2025ला, म्हणजे पहिल्या फेरीला. म्हणून फोटो नाहीत.

यावर एका दादांची कॉमेंट आहे, "मोज्यात लपवून न्यायचा, कोण बघतंय." त्याला बावीस लाइक आहेत. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून जरा स्पष्ट बोलते. पहिली गोष्ट, फाटकावर मेटल डिटेक्टर आहे. दुसरी, आत फोन सापडला तर बाहेर काढतात आणि ज्याच्या नावावर तिकीट किंवा बॅज आहे त्याचा हक्क कायमचा जातो. कायमचा. तुम्ही कामावर गेला आहात, बॅज यजमानाचा आहे, कदाचित त्याच्या वडिलांपासून चालत आलेला आहे. तुमच्या एका सेल्फीपायी त्या घरातलं कुणीच पुढे जाऊ शकणार नाही. आणि सोमवारी त्याच माणसासमोर बसून तुम्हाला दरपत्रकावर बोलायचं आहे. आपण कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलो तर चपला बाहेर काढतोच ना? तसाच फोन गाडीत ठेवायचा.

बरं, फोन नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो, तो कुणीच विचारला नाही आणि तिथेच मी अडकले. हरवलात तर काय?

आम्ही तिघं होतो. यजमान, मी आणि पुण्याच्या शाखेतला एक सहकारी. आत शिरलो आणि दहाव्या होलवर मी थांबले. टीव्हीवर ते मैदान सपाट गालिच्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात दहावा होल सुरुवातीपासून ग्रीनपर्यंत, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीपर्यंत, सुमारे शंभर फूट खाली उतरतो. मी वरून बघत उभी राहिले, एक खेळाडू फटका मारून गेला, दुसरा गेला, आणि वळून बघते तर बरोबरचे दोघं नाहीत. कुठे भेटायचं ते ठरलेलं नव्हतं. घड्याळ नव्हतं, कारण वेळ मी गेली दहा वर्षं फोनवर बघते. तिथे प्रेक्षकांसाठी फुकट टेलिफोन ठेवलेले आहेत, पण लावू कुणाला? त्यांचेही फोन गाडीतच. दीड तास मी त्या चढउतारावर त्यांना शोधत फिरले.

तेव्हा मला आजीची आठवण झाली. 1991च्या सिंहस्थात मी सात वर्षांची होते. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जायच्या आधी आजीनं घरातल्या सगळ्या पोरांना ओळीत उभं करून सांगितलं होतं, "हात सुटला तर शोधत फिरायचं नाही. गंगा-गोदावरीच्या देवळाच्या पायरीशी येऊन थांबायचं. कितीही वेळ होऊ दे, मी तिथे येणार." ते देऊळ बारा वर्षांनी एकदा उघडतं, तेव्हा तिथली गर्दी तुम्हाला ठाऊकच आहे. तरी आमच्यातलं एकही पोर हरवलं नाही. अख्ख्या नाशिकला ही रीत येत होती. फोन आले आणि आपण ती विसरलो.

ऑगस्टात तसं देऊळ म्हणजे क्लबहाउसच्या मागचं जुनं ओकचं झाड. एकोणिसाव्या शतकातलं, खूप मोठं. शेवटी ते दोघं मला तिथेच भेटले, कारण यजमानांना माहीत होतं की हरवलेला माणूस कधी ना कधी त्या झाडापाशी येतोच. तर आत शिरल्या शिरल्या, पहिलं पाऊल टाकायच्या आधी, जागा आणि वेळ ठरवा. "एक वाजता झाडाखाली, नाही भेटलो तर तीन वाजता पुन्हा." आणि मनगटावर काट्यांचं साधं घड्याळ.

आता बघायचं कसं. नवीन माणूस चेंडूमागे पळतो. एक तर तिथे पळायला मनाई आहे, चालायचं फक्त. आणि पळून उपयोगही नाही, हवेतला चेंडू तुम्हाला दिसत नाही. एक जागा धरा. तिथे घडीची खुर्ची घेऊन जाता येते, हात टेकायची नाही, साधी. सकाळी ती ग्रीनच्या कडेला मांडून ठेवा आणि दिवसभर हिंडा. खुर्ची कुणी उचलत नाही. तुम्ही नसताना दुसरं कुणी तिच्यात बसेल, तुम्ही आलात की उठेल. मी परत आले तेव्हा एक वयस्कर बाई बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि सांगितलं, "मघाशी इथे फार सुरेख बर्डी झाली, तुमची हुकली."

आमच्या खुर्च्या पंधराव्या होलपाशी होत्या. ग्रीनच्या पुढे तळं आहे. दुपारी उत्तर आयर्लंडचा नावाजलेला खेळाडू रोरी मॅकिलरॉय आला, त्याच्या गटात लुडविग ओबर्ग आणि अक्षय भाटिया. अक्षय अमेरिकन आहे, पण ते नाव तिथल्या फलकावर वाचताना मला बरं वाटलं. रोरीचे तोवर पारपेक्षा चार फटके कमी झाले होते. फलकावर त्याच्यापुढे लाल चार. तिथे पारपेक्षा कमी फटके लाल अंकात आणि बाकीचे हिरव्यात लावतात. फलक हातानं बदलतात, आतून माणूस पाटी काढतो आणि दुसरी सरकवतो. रोरीचा फटका ग्रीनच्या मागे गेला. तिथून त्यानं हळूच चेंडू ढकलला. तो ग्रीनवर पडला, उतारावर घरंगळत गेला, घरंगळतच राहिला आणि तळ्यात.

मी क्रिकेट स्टेडियममध्ये बघितलंय, असं काही झालं की हजार फोन वर जातात आणि पुढच्या माणसाच्या हातातल्या पडद्यावर आपण सामना बघतो. इथे एकही हात वर गेला नाही. हजारो माणसं आणि नुसता एक श्वास. कुणी हसलं नाही, टाळी वाजवली नाही. क्लबचे एक संस्थापक बॉबी जोन्स यांचा प्रेक्षकांसाठीचा संदेश या पुस्तिकेत छापलेला असतो, त्यात हेच आहे की खेळाडूच्या चुकीवर आनंद करायचा नाही. डबल बोगी. थोड्या वेळानं फलकावरचा लाल चार निघाला आणि लाल दोन आला. सतराव्यावर पुन्हा डबल बोगी, आणि लाल दोनच्या जागी शून्य. ती पाटी सरकताना लोकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो.

हेच मला फोनबद्दल तिसऱ्यांदा सांगायचं आहे. नियम म्हणून झालं, हरवण्याबद्दल झालं. पण फोन असता तर तो चेंडू तळ्यात जाताना मी पडद्यात बघत असते, आणि रोरीचं काय झालं ते पाटी बदलायच्या आधीच मला कळलं असतं. दहाव्यावर होते तेव्हा लांबून, पाइनच्या झाडांमधून गर्जना यायची. कुणाची, कशाची, माहीत नाही. सगळे थांबायचे आणि फलकाकडे बघायचे. अनोळखी माणसं एकमेकांना विचारायची. अदितीच्या त्या सकाळी बाबा आणि मी असेच बसलो होतो.

भराभर राहिलेलं सांगते. खाणं: मांस खात नसाल, पण अंडं चालत असेल (मेयोनीजमध्ये ते असतं), तर पिमेंटो चीज सँडविच, मी गेले तेव्हा दीड डॉलर. पांढरा ब्रेड, त्यात चीज, मेयोनीज आणि लाल गोडसर मिरची. एवढ्या मोठ्या स्पर्धेत एवढं स्वस्त खाणं मी कुठे बघितलेलं नाही. बूट: मळलेले, सवयीचे. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायला जे घालता तेच. नवे घालू नका.

आणि झाडं बघा. ही जागा क्लबच्या आधी फळझाडांची आणि फुलझाडांची मोठी रोपवाटिका होती, म्हणून प्रत्येक होलला झाडाचं नाव आहे. तेरावा अझेलिया, दहावा कॅमेलिया. 2024च्या सप्टेंबरात हेलिन वादळ आलं, त्यात तिथली खूप झाडं पडली. यजमान चालता चालता मोकळ्या जागा दाखवत होते, "इथे एक होतं, इथे एक होतं." द्राक्षबाग गारपिटीत गेल्यावर माझे मामा बांधावर उभे राहून असंच दाखवायचे.

एका ताईंनी विचारलंय, "बायकांना आत घेतात का?" प्रेक्षक म्हणून पहिल्यापासून घेतात. क्लबच्या सदस्य म्हणून मात्र पहिल्या दोन महिला 2012मध्ये आल्या, अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस आणि उद्योजिका डार्ला मूर. इतका उशीर मला पटत नाही, आणि मैदान कितीही सुंदर असलं तरी ते सांगायलाच हवं. 2019पासून हौशी महिला खेळाडूंच्या स्पर्धेची शेवटची फेरीही तिथे होते, एप्रिलच्या सुरुवातीला.

रविवारी मी अटलांटाच्या हॉटेलात होते. त्याच रोरीनं, गुरुवारी तळ्यात चेंडू घालवलेल्या रोरीनं, जस्टिन रोझबरोबर बरोबरी झाल्यावर जादा होलवर स्पर्धा जिंकली आणि ग्रीनवर गुडघ्यांवर कोसळला. गोल्फमधल्या चारही मोठ्या स्पर्धा आता त्याच्या नावावर झाल्या. मी टीव्हीसमोर एकटीच उभी राहून टाळ्या वाजवल्या आणि बाबांना फोन लावला. इथे पहाट होती, ते जागेच होते.

आता एक काम करा. व्हिडिओ थांबवा, कागद-पेन घ्या आणि फोनमध्ये न बघता घरच्या तीन माणसांचे नंबर लिहा. त्या दिवशी मला फक्त बाबांचा लँडलाइन आठवत होता, तो आम्ही 2016मध्ये बंद केला. नंबर कॉमेंटमध्ये टाकू नका. तीनपैकी किती आले, तेवढंच सांगा.