सात माणसं आणि दहा डोसांची कुपी

साल २०२१. हा निळा डबा कोरोनाच्या लसीचा. आत चारही बाजूंना आइस पॅक, मधे कोविशिल्डच्या कुप्या. एका कुपीत दहा डोस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. म्हणून नर्सताई आधी माणसं मोजतात. सातच जमली, तर आणखी तिघांची वाट बघायची. तोवर त्या सात जणांचा रोज बुडतो.

१६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं. आधी आरोग्य कर्मचारी, मग पोलीस, सफाई कामगार, १ मार्चपासून साठीपुढचे. ज्याला धोका जास्त त्याला आधी, हा क्रम योग्यच होता. गाडं अडलं १ मेपासून. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला लस खुली झाली, पण नोंदणी फक्त ऑनलाइन. कोविन हे सरकारी पोर्टल उघडा, ओटीपी टाका, स्लॉट पकडा. नाशिकच्या कॉलेज रोडवर, वायफाय असलेल्या घरातही स्लॉट डोळ्यांदेखत जायचे. मग सावळघाटापलीकडे, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर काय होणार? तिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते. आणि मे म्हणजे भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजायचे दिवस.

त्या दिवसांत राज्यात ठिकठिकाणी ग्रामीण केंद्रांपुढे शहरातल्या गाड्या लागल्या. त्या माणसांना दोष कसा द्यावा? जीव त्यांनाही प्यारा. पण रांग फोनमध्ये लावली, की फोनवाल्याचाच नंबर आधी लागणार. त्यात लसच पुरेना. १२ मेला महाराष्ट्राने या गटाचं लसीकरण थांबवलं. सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा केंद्र सरकारने २४ मेला दिली. स्मार्टफोन नसलेल्याने लस घ्यायची कशी, हा प्रश्न ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही विचारला. जून २०२१ मध्ये खासगी दवाखान्यात कोविशिल्ड ७८० रुपयांपर्यंत होती. द्राक्षबागेत राबणाऱ्या बाईने तो खर्च कुठून काढावा?

मालेगावची अडचण आणखी वेगळी. तिथे भीती होती, अफवा होत्या. अशा अफवा ओळखीच्या माणसाने दारात बसून, चहा पिऊन समजावलं तरच दूर होतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘हर घर दस्तक’ मोहीम आली. लस घेऊन घराघरांत जायचं. आम्हाला वाटतं, पाड्यांसाठी सुरुवात इथूनच व्हायला हवी होती. कारण कोण रानात गेलंय, कोण बागेवर कामाला उतरलंय, कुणाचा दुसरा डोस राहिलाय, हे गावच्या आशा स्वयंसेविकेला, आशाताईला, तोंडपाठ असतं.

दिवेलागण झाली. माणसं रानातून परतली. आशाताई ओट्यावर वही उघडून नावं पुकारते. सात. आठ. पलीकडच्या घरातून म्हातारी सुनेचा हात धरून येते. दहा झाले. नर्सताई डब्याचं झाकण उघडतात.